लोण्यासारखा ब्रेक

घंटा थांबली, पांढरा पडदा वर गेला आणि मैदानात जमलेल्या सगळ्या गर्दीने माना उंचावल्या. आधी धुराचा मोठा लोट बाहेर आला. त्यामागून शांतबाबांचा जाडजूड शिष्य खोकत खोकत आला आणि सगळ्यात शेवटी दिसली एक करड्या रंगाची जुनी गाडी. पडद्याआड जाताना जशी होती तशीच. दारावरचा पोचाही जागचा हलला नव्हता.

"कुणाचं हे लेकरू?" बाबांनी डोळे न उघडताच विचारलं.

"माझं," म्हणत तपासनीस पुढे सरसावले.

"बस आत. फिरव चावी. काय दिसतं ते या सगळ्यांना मोठ्याने सांग."

तपासनीसांनी चावी फिरवली. इंजिन नेहमीसारखं खाकरलं आणि सुरू झालं. पण गाडी घेतल्यापासून त्यांच्याकडे टक लावून बघणारा तो लाल दिवा, गोल आणि गोलात उद्गारचिन्ह, दिसेना. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. नाहीच.

"गेला!" त्यांचा आवाज चिरकला. "दिवा गेला हो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईंनी पदराने डोळे टिपले. तो धूर होता की भक्ती, कोण सांगणार! बाबांनी घंटा उचलली आणि गर्दीला समजावून सांगितलं, "वाहनालाही मन असतं. तुम्ही जुनी गाडी घेता, तेव्हा तिच्याबरोबर जुन्या मालकाचे उसासेही घेता. तो लाल दिवा म्हणजे त्याचा तांबारलेला डोळा. आज तो मिटला." मग त्यांनी पायाशी ठेवलेल्या दक्षिणेच्या डब्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्यांना तेवढं पुरे असे.

आता हे तपासनीस म्हणजे कुणी साधाभोळा माणूस असेल असं तुम्हाला वाटेल. तसं असतं तर गोष्ट सांगण्यात मजाच नव्हती. हा गृहस्थ अलार्म तपासायचा! हॉटेलं, दवाखाने, गोदामं फिरायची, छतावरच्या धूर ओळखणाऱ्या अलार्मचं बटण काठीने दाबायचं, तो बोंबलला की पुढच्या छताकडे वळायचं आणि नाही बोंबलला तर मालकाची खरडपट्टी काढायची, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. "शांत अलार्म आणि मेलेला अलार्म दिसायला सारखेच असतात," हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत की झोपेतही तेच पुटपुटत असावेत. आणि हाच माणूस त्या रविवारी हात जोडून मैदानात उभा होता.

ते मैदान होतं जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठचं. करडी गाडी तपासनीसांनी त्याच्याकडूनच घेतली होती आणि घरी पोचेपर्यंत लाल दिवा लागला होता. पहिल्या तक्रारीला शेठ म्हणाला, "हवेत दमटपणा आहे, जाईल." दुसऱ्या तक्रारीला म्हणाला, "कुठेतरी वायर ढिली असेल, काही होत नाही." तिसऱ्यांदा मात्र त्याने त्यांना खांद्याला धरून बाजूला नेलं, खुर्ची दिली आणि आवाज खाली आणला.

"साहेब, तुम्ही शिकलेले. तुम्हाला सांगायला संकोच वाटतो. पण या गाडीच्या आधीच्या मालकाने ती रडत रडत विकली होती. रविवारी आमच्याकडे शांतबाबा येतात. एकदा दाखवून तर बघा."

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हं," तपासनीस म्हणाले होते.

"ठेवूच नका. पण करून बघायला काय जातं?"

या चार शब्दांनी आजवर भल्याभल्यांची अक्कल गहाण पडली आहे. तपासनीसांनी घरी येऊन तेच चार शब्द बायकोला ऐकवले. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची आणि हळूहळू तपासनीसही तसंच म्हणायला लागले होते.

"गोलात उद्गारचिन्ह आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे गाडी काहीतरी ओरडून सांगतेय. गॅरेजला दाखवा ना सरळ."

"दाखवतो गं. आधी हे करून बघतो."

त्या रविवारी बाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. टेकडीवरच्या दवाखान्यात त्यांच्या लेकीचे दिवस भरले होते, त्या तिच्याजवळ होत्या. त्याच संध्याकाळी नात झाली. तपासनीस धावत गेले, काचेतून ते मूठभर गाठोडं पाहिलं आणि जागच्या जागी विरघळले. जावई म्हणाले, "घरी नेताना मी चांगली टॅक्सी सांगतो."

"टॅक्सी?" तपासनीसांना ते लागलंच. "आजोबांची गाडी असताना? आजच शांत करून आणलीये! माझी नात माझ्याच गाडीतून टेकडी उतरणार."

आणि पुढचा सगळा आठवडा त्यांना गाडीत चमत्कारच चमत्कार दिसायला लागले.

पहिला चमत्कार वासाचा. ऑफिसला जाताना गाडीत कसलासा करपट, धुरकट वास येई. आग ओळखणं हा ज्यांचा धंदा, त्यांनी नाक वर करून तो खोलवर ओढून घेतला आणि मनात म्हटलं, बाबांचा धूप अजून दरवळतोय! दुसरा चमत्कार ब्रेकचा. पूर्वी ब्रेक कसा दगडासारखा लागायचा, पाय दुखायचा. आता नुसता पाय ठेवला की आत जाई. जेवताना ते बाईंना म्हणाले, "ब्रेक अगदी लोण्यासारखा झालाय. गाडी नम्र झाली, नम्र!"

बाई दवाखान्याच्या खेपा घालून दमल्या होत्या. त्यांनी ते एका कानाने ऐकलं.

आठवड्याच्या मध्यावर तपासनीस एका हॉटेलात तपासणीला गेले. स्वयंपाकघरातल्या अलार्मवर कुणीतरी मोजा चढवून रबरबँड लावला होता. त्यांचं माथं भडकलं.

"हा काय प्रकार आहे?"

मॅनेजर ओशाळला. "साहेब, भाजताना सारखा कोकलायचा हो. आता बघा, किती शांत आहे."

"शांत आहे? अहो, तोंड बांधलंत तर कुणीही शांतच राहील! ओरडणं हेच त्याचं काम आहे. उद्या आग लागली तर काय मोजा हाका मारणार आहे?"

मॅनेजरने स्टुलावर चढून मोजा काढला. आणि मग तपासनीसांनी, कौतुक बघा, त्याच स्टुलाला टेकून, त्याच माणसाला शांतबाबांची सगळी कथा रंगवून सांगितली. गाडीवरचा लाल दिवा कसा गेला, ब्रेक कसा लोण्यासारखा झाला. मॅनेजरने पत्ता मागितला. यांनी तो दिलाही!

पुढच्या रविवारी लेकीला घरी सोडणार होते. सकाळीच दवाखान्यातलं सामान आवरायला म्हणून दोघं निघाले. त्यांच्या घराच्या इमारतीचं आवार फाटकाच्या दिशेने उतरतं आहे, तिथेच वरच्या टोकाला गाडी उभी होती. बाई मांडीवर दुपटं आणि स्वतः विणलेलं टोपडं घेऊन शेजारी बसल्या. तपासनीसांनी मोठ्या ऐटीत चावी फिरवली.

"अहो, हँडब्रेक ओढलेला आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आहे की. उतार आहे ना इथे."

"मग लाल दिवा कुठाय?"

"अगं, तोच तर गेला! सांगितलं ना तुला."

"हँडब्रेक ओढला की तोच दिवा लागतो. लग्नाआधी गाडी शिकले तेव्हा पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं मला. गाडीत काही बिघाड नसला तरी तो लागायला हवा. तुम्ही आठवडाभर हँडब्रेक सोडायचं विसरलात तर तुम्हाला कळणार कसं?"

तपासनीसांच्या नाकाला एकदम तो करपट वास आठवला. पण आठवला तसा त्यांनी तो झटकून टाकला. "बाबांनी मुळापासूनच काढलाय राग. म्हणून नाही लागत."

बाईंनी त्यांच्याकडे नीट वळून पाहिलं. "वर्गात अचानक शांतता झाली ना, की मी मुलं गुणी झाली म्हणून खूश होत नाही. आधी जाऊन बघते, मुलं वर्गात आहेत तरी का!"

हे वर्मी लागलं. तपासनीसांनी रागारागाने हँडब्रेक सोडला. गाडी उतारावर सरकली. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. पाय लोण्यात शिरल्यासारखा आत गेला, आणखी आत गेला आणि थेट तळाला टेकला. गाडी सरकतच राहिली.

"अहो!"

"दाबतोय! दाबतोय गं!"

फाटकाशी कचऱ्याचे डबे रांगेत ठेवलेले होते. गाडीने त्यांतला पहिला आडवा केला, दुसरा ढकलला, तेवढ्यात बाईंनी हात घालून हँडब्रेक खेचला आणि गाडी रस्त्यापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. समोरून एक ट्रक धडधडत निघून गेला.

बाईंनी दुपट्याचं गाठोडं छातीशी घट्ट धरलं होतं, आत बाळ असावं तसं. ते पाहिलं मात्र आणि तपासनीसांच्या डोळ्यांपुढे टेकडी उभी राहिली. इथे साधा उतार होता आणि पुढे कचऱ्याचे डबे होते. टेकडीच्या वळणावर काय असतं? त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि त्यांना चक्क रडू फुटलं.

"मी तिला यातून आणणार होतो," ते म्हणाले. "मी स्वतः."

"आणली नाहीत ना अजून," बाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं. "चला, उतरा. आधी हे काय आहे ते बघू."

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि भुवया वर केल्या.

"ब्रेक ऑइलची डबी कोरडी आहे. मागच्या चाकाची नळी गळतेय. बरेच दिवस झालेत. लाल दिवा लागला नव्हता?"

"लागला होता," तपासनीस म्हणाले.

"मग?"

"मग घालवला."

गॅरेजवाल्याला काही कळलं नाही. त्याने समोरचा पॅनेल उचकटला आणि त्यांना दाखवला. मागच्या बाजूला शेंगदाण्याएवढे बल्ब ओळीने बसवलेले होते, एक भोक तेवढं रिकामं. "हा आपोआप पडत नाही, पिळून काढावा लागतो. आणि साहेब, हँडब्रेक ओढूनच गाडी चालवत होता काय? मागच्या ब्रेकचे लायनर पार जळलेत."

"तरीच," बाई म्हणाल्या, "धूप दरवळत होता."

तपासनीसांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती घेत नाही. त्यांनी टॅक्सीला हात केला. "दवाखान्यात जाऊ."

"लेकीला संध्याकाळी सोडणारेत. आधी मैदानावर जाऊ."

"कशाला? लोक हसतील मला!"

"हसू दे की. आत्ता या घटकेला पडद्याआड कुणाची तरी गाडी असेल. तिच्यातही कुणाचं तरी नातवंड बसतच असणार."

यावर टॅक्सीचं दार तपासनीसांनीच उघडलं.

मैदान फुललं होतं. मागच्या रविवारी शांत झालेल्या गाड्यांचे मालक बाबांचे आभार मानायला आले होते, नवे तक्रारवाले रांगेत होते, पडद्याआडून धूर निघत होता आणि बाबा घंटा वाजवत होते. शेठ सगळ्यांना पाणी देत फिरत होता. तक्रार घेऊन आलेला माणूस हात जोडून परत जातो म्हटल्यावर पाण्याला काय कमी!

बाईंनी वर्गातला आवाज लावला. तो आवाज ऐकून मोठमोठी माणसं ताठ उभी राहिली. "ज्यांच्या गाड्या बाबांनी शांत केल्यात त्यांनी हात वर करा."

बरेच हात वर झाले. तपासनीसांनीही सवयीने केला आणि हळूच खाली घेतला.

"छान. आता आपापल्या गाडीत बसा. हँडब्रेक ओढा आणि चावी फिरवा. लाल दिवा लागलाच पाहिजे, गाडी कितीही ठणठणीत असली तरी. ती दिव्याची हजेरी असते. लागला की हजर म्हणा."

दारं उघडली, चाव्या फिरल्या. "नाही लागत." "माझाही नाही." "बाई, माझ्याकडे पण अंधार!" रांगेतल्या, अजून बाबांचा हात न लागलेल्या गाड्यांतून मात्र एकामागून एक "हजर", "हजर" ऐकू यायला लागलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

बाबांनी घंटा न थांबवता स्मित केलं. "ताई, शंका म्हणजे मनाचा गंज."

"गंज मला दिसतो, बाबा. दिवा दिसत नाहीये. ती झाडाखालची पांढरी गाडी कुणाची?"

ती बाबांची होती. रांगेतला एक जण पटकन जाऊन तिच्यात बसला. चावी लावलेलीच होती. सगळ्यांच्या देखत लाल दिवा लख्ख लागला.

"हजर!" तो ओरडला. "बाबा, तुमच्याच गाडीचा राग काढायचा राहिला की!"

हशा पिकला. पण बाबाही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. "तुम्हा सगळ्यांच्या गाड्यांचा राग माझी गाडी पिते, बाळांनो. तुमच्यासाठी ती जळते." आणि खरं सांगतो, हसणाऱ्यांतले अर्धे लोक गंभीर झाले. एकाने तर पांढऱ्या गाडीपुढे हात जोडले. बाईंनी हताशपणे नवऱ्याकडे पाहिलं.

तपासनीस पडद्याकडे बघत होते. पडद्याच्या फटीतून दाट, पिवळसर धूर बाहेर पडत होता. आठवडाभर बंद पडलेलं त्यांचं डोकं, का कोण जाणे, त्या क्षणी चालू झालं. बंद जागा. धूर. आत माणूस. ते उभ्या जन्मात ओरडले नव्हते एवढ्या जोराने ओरडले.

"धूर! आत माणूस आहे! बाजूला व्हा!"

आणि धावत जाऊन त्यांनी पडदा दोरीसकट खाली ओढला. दचकून बाबांच्या हातातली घंटा थांबली.

गाडीत चालकाच्या जागी जाडजूड शिष्य बसला होता. गाडीचा पॅनेल त्याच्या मांडीवर, स्क्रू दातांत, एक हात कोपरापर्यंत आत. धुराने डोळे वाहत असल्यामुळे पडदा गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं. तो वैतागून म्हणाला, "घंटा का थांबवली, बाबा? क्लिपचा आवाज बाहेर जाईल ना! वाजवत राहा, बल्ब अडकलाय!"

कुणीतरी जाऊन शिष्याच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला. शेंगदाण्याएवढे बल्ब जमिनीवर टपटप पडले.

शेठ म्हणाला, "मला यातलं काहीच माहीत नाही, मी आपला श्रद्धेने..." पण त्याचं कुणी ऐकून घेईना. दोघंतिघं पोलिसांना बोलवायला गेले. बाकीचे फाटक अडवून उभे राहिले आणि बाबांच्या पांढऱ्या गाडीला त्या दिवशी बाहेर पडायला वाट मिळाली नाही.

तपासनीस एका टायरवर चढले. भाषणं त्यांना येत नसत. "मी अलार्म तपासतो," ते म्हणाले. "ओरडणाऱ्या अलार्मचं तोंड बांधणाऱ्यांना रोज मूर्ख म्हणतो. आणि मी, मी स्वतःच्या गाडीचं तोंड बांधून घ्यायला इथे रांग लावली, टाळ्या घेतल्या, वर दुसऱ्याला पत्ता दिला. हसा मला, पोटभर हसा. पण घरी त्या गाड्या चालवत नेऊ नका. ढकलत न्या, ओढत न्या, पण आधी गॅरेजला न्या. आजारी गाडीचा दिवा काढला म्हणून गाडी बरी होत नाही हो."

लोक हसले. कुणीच गाडी सुरू केली नाही. गर्दीच्या कडेला हॉटेलचा मॅनेजर उभा दिसला. तो आपल्या गाडीला दोर बांधत होता. तपासनीसांनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं, पण त्याने हात केला.

संध्याकाळी दवाखान्याच्या दारात जावयांनी टॅक्सी आणली. लेक बाळाला घेऊन मागे बसणार, एवढ्यात तपासनीस पुढे गेले. "दादा, जरा हँडब्रेक ओढून चावी फिरवता का?"

टॅक्सीवाल्याने फिरवली. लाल दिवा लागला.

"हजर," तपासनीस म्हणाले आणि मगच बसले.

टेकडीचं पहिलं वळण आलं आणि बाळाने जो टाहो फोडला, तो काही थांबेना. जावई घाबरले. त्यांनी खुळखुळा वाजवला, शिट्टी वाजवली, शेवटी चोखणी तिच्या तोंडात देऊ लागले. "गप्प कर गं हिला काहीतरी करून!"

"नको," तपासनीस पुढच्या सीटवरून पूर्ण मागे वळले. "गप्प नंतर करू. ती उगीच ओरडत नाहीये. आधी बघा तरी, काय होतंय तिला."

बाईंनी दुपटं उलगडून पाहिलं. टोपड्याची गाठ हनुवटीखाली काचत होती, तिथे लाल वळ उठला होता. त्यांनी गाठ सोडली. बाळाने एक लांब हुंदका दिला, आजोबांकडे एकदा टक लावून पाहिलं आणि ते आपण होऊन शांत झालं.